‘कॅटफिश’ आणि ‘एक्झिट थ्रू द गिफ्ट शॉप’: संशय घ्यायचा तो कोणावर?

जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दोन माहितीपट दाखवले गेले आणि दोघांच्याही मागे एकच प्रश्न लागला: हे खरं घडलंय की रचलंय? एक होता ‘कॅटफिश’, फेसबुकवर जमलेल्या ओळखीचा. दुसरा ‘एक्झिट थ्रू द गिफ्ट शॉप’, रात्रीच्या अंधारात भिंती रंगवणाऱ्या चित्रकारांचा. विषय दोन टोकांचे. तरीही माहितीपटांच्या गप्पा निघाल्या की “ती दोन बनावट वाटणारी” म्हणून दोघांना एकाच दावणीला बांधलं जातं. एकाबद्दलची शंका बिनदिक्कत दुसऱ्याला चिकटवली जाते. दोन्ही पाहिल्यावर हे फार खटकतं, कारण दोन्हींत लपवाछपवी असली तरी ती करणारा वेगळा आहे, आणि तिची झळ बसणारा तर अगदीच वेगळा. (पुढे दोन्हींचा शेवट सांगितला आहे. न पाहता वाचायचं नसेल तर इथे थांबा.)

आधी ‘कॅटफिश’. न्यूयॉर्कमध्ये राहणारा नेव्ह शुलमन नावाचा तरुण छायाचित्रकार. त्याने काढलेला नृत्याचा एक फोटो वर्तमानपत्रात छापून येतो आणि काही दिवसांनी त्या फोटोवरून रंगवलेलं चित्र टपालाने त्याच्या हाती पडतं. पाठवणारी मिशिगन राज्यातली आठ वर्षांची मुलगी. तिथून फेसबुकवर तिच्या आईची ओळख, मग सगळ्या गोतावळ्याची, आणि मग तिच्या मोठ्या बहिणीची, मेगनची. मेगन देखणी, गाणारी, नाचणारी. नेव्ह तिच्या प्रेमात पडतो. दोघं फोनवर तासन् तास बोलतात. नेव्हचा भाऊ एरिएल आणि त्याचा मित्र हेन्री जूस्ट हे सगळं कॅमेऱ्यात टिपत असतात. दिग्दर्शक तेच दोघं.

गाडं अडतं ते एका गाण्यावर. कोलोरॅडोमध्ये कामासाठी गेलेले असताना मेगनने स्वतःच्या आवाजातलं म्हणून पाठवलेलं गाणं ते ऐकतात आणि सहज इंटरनेटवर शोधतात. तेच गाणं, तोच आवाज, नाव मात्र भलत्याच गायिकेचं. मग दुसरं गाणं शोधतात, तिसरं शोधतात. नेव्हच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत जातो. पुढे तिघं गाडी काढून मिशिगनला जातात. रात्रीच्या वेळी मेगनच्या म्हणून सांगितलेल्या घोड्यांच्या फार्मवर पोचतात, तर तिथे चिटपाखरूही नाही. टपालपेटीत नेव्हने तिला पाठवलेली पोस्टकार्डं तशीच पडलेली.

दुसऱ्या दिवशी सगळा उलगडा होतो. चित्रं काढणारी ती लहान मुलगी नव्हेच, तिची आई. मेगनचा आवाज आईचा, आणि मेगनशी गप्पा मारणाऱ्या मित्रमैत्रिणींची डझनाहून जास्त फेसबुक खातीही तीच एकटी चालवत होती. मेगनचे म्हणून दाखवलेले फोटो वॉशिंग्टन राज्यातल्या एका स्त्रीचे. तिला या कशाचा पत्ताच नव्हता. मिशिगनच्या त्या आईच्या घरी नवऱ्याची दोन जुळी मुलं, दोघांनाही तीव्र अपंगत्व. त्यांचं न्हाणंधुणं, खाणंपिणं तीच बघायची. कधीकाळी नाच आणि चित्रकला हेच आपलं आयुष्य होईल असं तिला वाटलं होतं.

आता ‘एक्झिट’. लॉस एंजलिसमध्ये जुन्या कपड्यांचं दुकान चालवणारा थिएरी गेता हा फ्रेंच माणूस हातातला व्हिडिओ कॅमेरा खाली ठेवायलाच तयार नसतो. फ्रान्समधला त्याचा एक नातलग म्हणजे ‘इन्व्हेडर’. जुन्या व्हिडिओ गेममधल्या आकृत्या टाइल्सच्या तुकड्यांतून साकारून पॅरिसच्या भिंतींवर चिकटवणारा. त्याच्यामागे कॅमेरा घेऊन फिरता फिरता गेता या जगात शिरतो. ‘ओबे’ हा शब्द छापलेली पोस्टरं लावणारा शेपर्ड फेअरी त्याला भेटतो. गेता शिडी धरतो, खळीची बादली उचलतो, पोलीस येतायत का ते बघतो. या चित्रकारांना असा माणूस हवाच असतो, कारण त्यांचं काम दोन दिवसांत पुसलं जातं आणि मागे उरतं ते फक्त चित्रण.

२००६ मध्ये त्याची गाठ ब्रिटिश चित्रकार बँक्सीशी पडते. खरं नाव आणि चेहरा बँक्सीने आजवर स्वतःहून जाहीर केलेला नाही. दोघं डिस्नेलँडमध्ये जातात आणि तिथल्या एका राइडशेजारी ग्वांतानामोच्या अमेरिकी लष्करी तुरुंगातल्या कैद्याचा, केशरी कपडे आणि डोक्यावर काळी पिशवी असलेला, हवेने फुगवलेला पुतळा उभा करतात. सुरक्षारक्षक गेताला पकडून तासन् तास खोदून खोदून विचारतात. तो टेप मोज्यात लपवतो आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही. बँक्सीचा विश्वास बसतो तो तेव्हा.

पण गेताने शेकडो तासांच्या चित्रणातून जोडलेली फिल्म बघवत नाही, इतकी ती विस्कळीत असते. बँक्सी त्याला सुचवतो की तूच काही चित्रं काढ, छोटंसं प्रदर्शन भरव. टेप माझ्याकडे राहू देत. त्या टेपांतूनच बँक्सी पुढे हा चित्रपट करतो. इथे चित्रपट कूस बदलतो. गेता ‘मिस्टर ब्रेनवॉश’ होतो, हाताखाली माणसं ठेवतो, कलेच्या पुस्तकांतल्या चित्रांवर खुणा करून देतो आणि ती माणसं संगणकावर त्यांची मोडतोड करून मोठाले छाप काढतात. जून २००८ मध्ये हॉलिवुडमधल्या जुन्या सीबीएस स्टुडिओच्या प्रचंड जागेत ‘लाइफ इज ब्युटिफुल’ प्रदर्शन भरतं. उद्घाटनाआधी मांडून ठेवलेल्या छापील प्रतींवरून तो भराभर रंगाचे फवारे मारत जातो, म्हणजे प्रत्येक प्रत ‘एकमेव’ ठरावी. बाहेर रांगा लागतात. चित्रपटात सांगितल्याप्रमाणे विक्री दहा लाख डॉलरच्या घरात जाते.

मग शंका कसली? ‘एक्झिट’बद्दल म्हणतात की गेता हे बँक्सीनेच उभं केलेलं सोंग आहे आणि ती चित्रंही त्याचीच. ‘कॅटफिश’बद्दल म्हणतात की या तिघांना सगळं आधीपासून माहीत होतं, नेव्हचं भाबडेपण हा अभिनय आहे.

नीट बघा, हे दोन आरोप एकसारखे नाहीत.

‘कॅटफिश’मधली बाई खरी आहे यावर वादच नाही. त्याच वर्षी अमेरिकी टीव्हीवर तिची मुलाखत झाली. तिने काय केलं तेही स्पष्ट आहे. संशय उरतो तो कॅमेऱ्यामागच्यांवर. एका मित्राची फेसबुकवरची ओळख, जिचं पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नाही, ती सुरुवातीपासून चित्रित करावीशी का वाटली? आमच्यात सगळंच चित्रित करायची सवय आहे, असं दिग्दर्शक सांगत आले आहेत आणि चित्रपट पूर्ण खरा आहे यावर ते ठाम आहेत. पण गाणं शोधायला दोन मिनिटं लागतात, तर ती दोन मिनिटं इतके महिने का मिळाली नाहीत? मला स्वतःला वाटतं की प्रेमात पडलेल्या नेव्हला खरंच कळलं नसावं. दिग्दर्शकांना मात्र कोलोरॅडोच्या आधीच कुणकुण लागली असावी आणि ती त्यांनी स्वतःपाशी ठेवली असावी. हा माझा अंदाज, पुरावा नव्हे. पुढच्याच वर्षी या दोघांनी ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी ३’ हा भयपट दिग्दर्शित केला. ‘सापडलेलं घरगुती चित्रण’ म्हणून सगळं रचायचं, अशी त्या मालिकेची पद्धत. याने आरोप सिद्ध होत नाही, पण प्रेक्षकाचा विश्वास कसा कमवायचा याची त्यांना उत्तम जाण होती एवढं नक्की दिसतं.

‘एक्झिट’मध्ये उलट आहे. तिथे बरीचशी कृत्यं चारचौघांत घडलेली आहेत. डिस्नेलँड, २००६ मधलं बँक्सीचं लॉस एंजलिसचं प्रदर्शन, त्यातला रंगवलेला जिवंत हत्ती, २००८ मधलं गेताचं प्रदर्शन, हे सगळं त्या त्या वेळी बातम्यांत होतं, हजारो लोकांनी पाहिलं. २००९ मध्ये मॅडोनाच्या ‘सेलिब्रेशन’ या अल्बमचं मुखपृष्ठ मिस्टर ब्रेनवॉशने केलं. आणि तो माणूस काल्पनिक नाही याचा सर्वांत रोकडा पुरावा कोर्टात आहे. ग्लेन फ्रीडमन या छायाचित्रकाराने काढलेला ‘रन-डीएमसी’ या गायकत्रयीचा फोटो गेताने परवानगी न घेता वापरला होता. फ्रीडमनने दावा लावला आणि २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने गेताच्या विरोधात निकाल दिला. सोंगावर कोणी कॉपीराइटचा खटला जिंकत नाही. उरते एवढीच शंका की पडद्यामागून त्याला कोणी किती ढकललं. पण बँक्सीने ढकललं हे तर चित्रपटच सांगतो!

म्हणून माझं मत असं. ‘कॅटफिश’मधल्या घटना बहुधा खऱ्या आहेत, पण चित्रपट प्रेक्षकाशी सरळ वागत नाही. ‘एक्झिट’मधलं काय किती खरं हे सांगता येणं अवघड, पण तो आपल्याला फसवत नाही. बँक्सी पहिल्यापासून डोक्यावर टोपी ओढून, चेहरा काळोखात, आवाज यंत्रातून बदलून बसलेला असतो. एके ठिकाणी तो राजकुमारी डायनाचा चेहरा छापलेल्या बनावट दहा पाउंडांच्या नोटांची खोकी उघडून दाखवतो. माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा, असं यापेक्षा उघडपणे कोण सांगणार?

चेहरा लपवणं आणि दुसऱ्याचा चेहरा लावणं यांतही लोक गल्लत करतात. बँक्सीने टोपणनाव घेतलं. त्याने कोणाचंही नाव चोरलं नाही, आणि त्या नावाखाली केलेल्या कामाची जबाबदारी तोच घेतो. मिशिगनच्या बाईने जिवंत माणसाचे फोटो उचलून त्यावर तोतया उभा केला. त्यात दोघांचं नुकसान झालं: नेव्हचं, आणि फोटोतल्या त्या स्त्रीचं, जिची चर्चा नेहमीच शेवटी होते. या दृष्टीने बघितलं तर त्या बाईची जोडी बँक्सीशी लागत नाही. ती लागते गेताशी. दोघांनाही कलावंत व्हायचं होतं आणि दोघांनीही ती हौस दुसऱ्यांच्या प्रतिमा उचलून भागवली. फरक इतकाच की गेताला त्याचे पैसे मिळाले आणि तिला कॅमेरा घेऊन दारात उभी राहिलेली तीन माणसं मिळाली.

‘कॅटफिश’चं मला सर्वांत जास्त लागणारं दृश्य असं. नेव्ह समोर बसला आहे, ती पेन्सिलने त्याचं चित्र काढते आहे. आता दोघांनाही सगळं माहीत आहे. तो रागावत नाही, तिला बोलू देतो. चित्रपट त्या बाईला माणूस म्हणून बघतो तो इथे. जाहिरात मात्र अशी केली होती की फार्मवरच्या काळोखात काहीतरी भयंकर दबा धरून बसलंय असं वाटावं. थकलेल्या गृहिणीला भुताच्या जागी उभं करून तिकिटं विकली गेली. घटना खरी की खोटी यापेक्षा हे मला जास्त गंभीर वाटतं. ‘एक्झिट’मध्ये फजिती होते ती भाव वाढेल म्हणून घाईने खरेदी करणाऱ्या पैसेवाल्यांची, आणि काही प्रमाणात खुद्द बँक्सीची.

पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. ‘एक्झिट’ला २०११ मध्ये सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर नामांकन मिळालं, पुरस्कार ‘इनसाइड जॉब’ला गेला. ‘कॅटफिश’वरून नेव्हने नोव्हेंबर २०१२ पासून एमटीव्हीवर मालिका सुरू केली, आणि खोट्या प्रोफाइलमागे दडलेल्या माणसाला इंग्रजीत ‘कॅटफिश’च म्हणू लागले. २०१४ मध्ये तो अर्थ मेरियम-वेबस्टर कोशात गेला.

दोन्ही पाहायच्या असतील तर आधी ‘एक्झिट’ पाहा. चित्रण कोणाचं, ते जोडलं कोणी, आणि गोष्ट सांगतोय तो कोण, हे तीन प्रश्न विचारायची सवय त्यात आपोआप लागते, कारण तिथे तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. मग ‘कॅटफिश’ लावा आणि नेव्हपेक्षा कॅमेरा धरणाऱ्या दोघांकडे लक्ष ठेवा: ते कधी हसतात, कधी गप्प होतात, आणि नेव्ह “आता बस करा” म्हणतो तेव्हा चित्रण थांबतं का.