कळा नाहीत, पण पाणी गेलं: पुढे काय?

आमच्या प्रसूतिपूर्व वर्गात आठवा-नववा महिना लागलेल्या ताया येतात, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. वर्गात आम्ही सगळं समजावून सांगतो, पण पहाटे तीन वाजता अंथरूण ओलं झाल्यावर त्यातलं काय आठवेल याचा भरवसा नसतो. म्हणून हे पत्रक. तपासणीच्या फाईलमध्येच ठेवा आणि घरातल्यांनाही एकदा वाचायला द्या.

त्या क्षणी काय करायचं

घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा. स्वच्छ पॅड लावा आणि त्यावर आलेल्या पाण्याचा रंग आणि वास बघा. मग कळा असोत वा नसोत, दवाखान्यात फोन करा. दिवस पूर्ण भरलेले असतील, पाणी स्वच्छ असेल आणि बाळ नेहमीसारखं हलत असेल, तर धावपळ करायचं कारण नसतं. पण "कळा सुरू झाल्या की कळवू" असं म्हणून थांबू नका. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी या गप्प थांबण्याचीच वाटते.

पाणी की लघवी?

पडद्यावर दाखवतात तसा एकदम लोंढा प्रत्येकीला येत नाही. पिशवीला वरच्या बाजूला बारीकशी चीर गेली असेल, तर पाणी नुसतं झिरपत राहतं. आतला कपडा ओला वाटतो, बदलला की तासाभरात पुन्हा ओला. शेवटच्या महिन्यात बाळाचं डोकं मूत्राशयावर दाबत असल्याने खोकताना-शिंकताना थोडी लघवीही होते, अंगावरून पांढरंही जास्त जातं. त्यामुळे गोंधळ होणं अगदी साहजिक आहे.

फरक ओळखायला एक साधा उपाय आहे. लघवीला जाऊन या, कोरडं पांढरं पॅड लावा आणि अर्धा तास आडव्या व्हा. मग उभ्या राहा. उठताच पाणी आलं, तर ते बहुधा गर्भजल असतं, कारण पडून असताना ते आत साठतं. लघवी आपण आवळून धरू शकतो, गर्भजल धरता येत नाही. त्याला लघवीचा उग्र वासही नसतो. रंग पाण्यासारखा किंवा फिकट पिवळसर असतो, कधी किंचित गुलाबी छटा असते. एवढं करूनही शंका राहिली, तर तपासून घ्या. "लघवीच निघाली तर लोक काय म्हणतील" या संकोचापायी काही जणी दोन-दोन दिवस बोलत नाहीत. दवाखान्यातल्या सिस्टरना अशा तपासण्यांची रोजची सवय असते. खोट्या शंकेपायी चार फेऱ्या झाल्या तरी चालतील.

हे का होतं?

बाळाभोवती पातळ पडद्याची पिशवी असते, तिलाच पाणमोट म्हणतात. दिवस भरत आले की तिच्यात साधारण 600 ते 800 मिलिलिटर पाणी असतं. बहुतेकींची पाणमोट कळा सुरू झाल्यावर फुटते. पूर्ण दिवसांच्या, म्हणजे 37 आठवड्यांपुढच्या गरोदरपणात 100 पैकी सुमारे 8 जणींची ती कळांच्या आधीच फुटते. शेवटी शेवटी पडदा आपोआप कमजोर होत जातो. काही वेळा जंतुसंसर्ग, जुळं किंवा धूम्रपान यांचा संबंध असतो, पण बहुतेकींच्या बाबतीत ठोस कारण सापडतच नाही. तुम्ही काल जिने चढलात किंवा वाकून काही उचललंत म्हणून ती फुटली, असा दोष स्वतःला लावून घेऊ नका.

"पाणी संपलं, आता कोरडं बाळंतपण होणार" हेही अनेकींनी ऐकलेलं असतं. गरोदरपणाच्या उत्तरार्धात हे पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीतूनच तयार होतं आणि बाळ लघवी करायची थांबत नाही. त्यामुळे पाणी जात राहतं, तसं नवं तयारही होत राहतं.

ताबडतोब निघायचं ते केव्हा

पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, तर बाळाने पोटातच शी केलेली असते. दिवस भरलेल्या बाळांत हे बऱ्याचदा आढळतं आणि प्रत्येक वेळी धोका असतोच असं नाही, पण बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं आणि ते घरी होत नाही. लालभडक रक्त, घाण वास, 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, हुडहुडी, पोटात सतत दुखणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी एकही गोष्ट असली तरी निघा. 37 आठवडे पूर्ण नसतील, बाळ आडवं किंवा पायाळू असेल, किंवा आधीचं सिझेरियन असेल, तरीही थांबू नका.

एक प्रसंग दुर्मीळ आहे, हजारात काही मोजक्या प्रसूतींत घडणारा, पण घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा. पाणी गेल्यावर योनीमार्गात किंवा बाहेर मऊ, दोरीसारखं, कदाचित ठोके लागणारं काही जाणवलं, तर ती नाळ असू शकते. बाळाचं डोकं तिच्यावर दाबलं गेलं की बाळाचा रक्तपुरवठा अडतो. लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि नाळ खाली आल्याचं फोनवरच सांगा. आईने गुडघे आणि कोपरं जमिनीला टेकून, डोकं खाली आणि कंबर वर, असं राहायचं. गाडीत डाव्या कुशीवर झोपून कमरेखाली उशी घ्यायची. नाळ आत ढकलायची नाही, हाताळायचीही नाही.

दवाखान्यात काय होईल

तुमचा ताप आणि नाडी बघतील, बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतील. पाणी खरंच गर्भजल आहे का हे पाहायला निर्जंतुक उपकरणाने आत बघतात. कधी कागदाची पट्टी लावतात. योनीतला ओलावा आम्लधर्मी असतो आणि गर्भजल तसं नसतं, म्हणून पट्टी निळी पडते. रक्त किंवा वीर्य असलं तरी ती निळी पडू शकते, त्यामुळे डॉक्टर केवळ पट्टीवर निर्णय घेत नाहीत. कळा सुरू होईपर्यंत बोटांनी आतून तपासणं शक्यतो टाळतात, कारण त्याने जंतू वर जाण्याची शक्यता वाढते. वारंवार तपासणी होत असेल, तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

थांबायचं की कळा आणायच्या?

दिवस भरलेल्या 100 पैकी साधारण 60 जणींना 24 तासांत आपोआप कळा सुरू होतात. पण पिशवी फुटली की जंतूंना वाट मोकळी होते. एरवी नवजात बाळाला गंभीर संसर्ग होण्याचं प्रमाण 200 मध्ये 1 असेल, तर अशा वेळी ते 100 मध्ये 1 च्या आसपास जातं. म्हणून एका मर्यादेनंतर डॉक्टर औषधाने कळा आणायला सुचवतात.

1996 मध्ये 5041 स्त्रियांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लगेच कळा आणलेल्या आणि चार दिवसांपर्यंत वाट पाहिलेल्या, दोन्ही गटांत बाळांचा संसर्ग आणि सिझेरियन यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. सलाइनमधून ऑक्सिटोसिन देऊन लगेच कळा आणल्या, तेव्हा आईला संसर्ग कमी झाला. आमचं मत विचाराल, तर थोडं थांबणंही चुकीचं नाही आणि लगेच कळा आणणंही नाही. मात्र थांबायचं ते डॉक्टरांना विचारून आणि किती तास हे ठरवूनच. प्रतिजैविक केव्हा द्यायचं याचे दवाखान्यागणिक वेगळे नियम असतात. तुमच्या दवाखान्याचा नियम आधीच्या तपासणीतच विचारून ठेवा.

घरी थांबायला सांगितलं, तर जागं असताना दर चार तासांनी ताप मोजा, पॅड बदलत राहा, रंगावर आणि बाळाच्या हालचालीवर लक्ष ठेवा. अंगावर पाणी घेऊन अंघोळ करायला हरकत नाही. योनीत काहीही घालायचं नाही, शरीरसंबंधही नाही. जेवा, आणि जमेल तेवढं झोपून घ्या. पुढे ताकद लागणार आहे.

37 आठवड्यांच्या आत पाणी गेलं तर

इथे हिशेबच वेगळा असतो. बाळाची फुप्फुसं पक्की व्हायला वेळ हवा असतो, म्हणून आई-बाळ ठीक असतील तर बहुधा देखरेखीखाली ठेवून दिवस वाढवायचा प्रयत्न करतात. त्यासोबत प्रतिजैविकं देतात आणि गरजेप्रमाणे फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. काही जणी अशा अवस्थेत कित्येक दिवस काढतात. मात्र हा निर्णय घरी घ्यायचा नाही.

मागच्या पानावर

चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत: पाणी केव्हा गेलं, रंग कसा होता, किती आठवडे झाले, बाळ शेवटचं केव्हा हललं. फोनवर सिस्टर बहुतेक याच क्रमाने विचारतील. दवाखान्याचा रात्रीचा नंबर आणि तुमचा रक्तगट मात्र आजच लिहून टाका.