जोखीम व्यवस्थापनाने नफा वाढतो का? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

विम्याचे हप्ते, हेजिंगवरचा (भाव किंवा विनिमय दर उलटला तरी तोटा होऊ नये म्हणून केलेल्या उलट सौद्यांवरचा) खर्च, जोखीम विभागातल्या माणसांचे पगार हे सगळे नफा-तोटा पत्रकात दिसते. या खर्चामुळे जे नुकसान टळले, त्याला मात्र कुठल्याच हिशेबात रकाना नसतो. त्यामुळे चांगली चार वर्षे गेली की संचालक मंडळात हमखास प्रश्न निघतो: एवढा पैसा घालून मिळते काय? हा प्रश्न चुकीचा नाही. अर्थशास्त्रज्ञांनीही तो अनेक दशके लावून धरला आहे आणि त्याचे उत्तर या काळात बरेच बदलले आहे.

मुळात कंपनीची जोखीम म्हणजे विमा, एवढाच अर्थ फार काळ होता. सागरी विम्याचा १३४७ चा करार जिनोव्हात सापडतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीगृहात जहाजमालक आणि विमा उतरवणारे जमू लागले. पुढे आगीचा, अपघाताचा विमा आला. कंपनीत विमा खरेदी करणारा अधिकारी असे आणि हप्ता कमी करून घेणे हे त्याचे मुख्य काम. १९५६ मध्ये रसेल गॅलगर यांनी एका लेखात मांडले की कंपनीने स्वतःच्या सगळ्या जोखमा एकत्र पाहाव्यात आणि विमा हा त्यावरचा फक्त एक उपाय मानावा. अमेरिकेतल्या विमा व्यवस्थापकांच्या संघटनेच्या नावात 'जोखीम' हा शब्द आला तो १९७५ मध्ये.

दरम्यान सिद्धांताच्या बाजूने वारे उलटे वाहत होते. १९५८ मध्ये फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले की कर नाहीत, दिवाळखोरीचा खर्च नाही आणि सगळ्यांना सारखीच माहिती आहे असे धरले, तर भांडवल कर्जातून आले की भागातून, यावर कंपनीचे मूल्य ठरत नाही. हाच तर्क जोखमीला लावला की हेजिंगही निरुपयोगी ठरते. भागधारक आपली गुंतवणूक दहा ठिकाणी वाटून जोखीम स्वतःच कमी करू शकतो, मग कंपनीने त्यासाठी खर्च का करावा? या तर्काला उत्तर देणे सोपे नव्हते.

मग १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचा सोन्याशी असलेला दुवा तोडला आणि १९७३ पर्यंत प्रमुख चलनांचे दर तरते, म्हणजे बाजारात रोज ठरणारे, झाले. त्याच वर्षअखेरीस तेल पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेले. कारखाना उत्तम चालवणारी कंपनीही केवळ विनिमय दरामुळे तोट्यात जाऊ शकते, हे व्यवस्थापकांनी प्रत्यक्ष पाहिले. शिकागोत १९७२ मध्ये चलनांचे वायदे (पुढच्या तारखेचा व्यवहार आजच ठरलेल्या भावाने करण्याचे करार) आणि १९७३ मध्ये शेअर ऑप्शन्सचा (ठरलेल्या भावाने खरेदी-विक्रीचा हक्क देणाऱ्या, पण सक्ती न करणाऱ्या करारांचा) बाजार सुरू झाला, आणि फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांचे ऑप्शनची किंमत काढण्याचे सूत्रही त्याच वर्षी छापून आले. साधने हाती आली, पण ती का वापरावीत याचे पटेल असे कारण अजून कोणी मांडले नव्हते.

ते कारण मोदिग्लियानी-मिलर यांच्या गृहीतकांच्या फटीत सापडले. क्लिफर्ड स्मिथ आणि रेने स्टुल्झ यांनी १९८५ मध्ये तीन गोष्टींकडे बोट दाखवले: कर, आर्थिक संकटाचा खर्च आणि व्यवस्थापकांचे स्वतःचे हितसंबंध. १९९३ मध्ये केनेथ फ्रूट, डेव्हिड शार्फस्टीन आणि जेरेमी स्टाइन यांनी त्यापुढे जाऊन सांगितले की बाहेरून उभारलेला पैसा महाग असतो. हाती रोकड नसेल, तर चांगला प्रकल्पही सोडून द्यावा लागतो. मर्क या औषध कंपनीच्या वित्त विभागाने तीनच वर्षे आधी नेमके हेच म्हटले होते: परदेशी चलने घसरली की सर्वात आधी कात्री लागते ती संशोधनाच्या खर्चाला. म्हणजे हेजिंगचा उपयोग वाईट वर्षातही आपले ठरलेले काम चालू ठेवण्यासाठी. मला हे उत्तर आजवरच्या सगळ्या उत्तरांत सर्वात भक्कम वाटते.

त्याच १९९३ च्या अखेरीस या विचाराची दुसरी बाजू उघडी पडली. मेटालगेझेलशाफ्ट या जर्मन उद्योगसमूहाच्या अमेरिकी उपकंपनीने ग्राहकांना दहा वर्षांपर्यंत ठरावीक भावाने तेल देण्याचे करार केले होते, एकूण सुमारे १६ कोटी पिंपांचे. भाव वाढला तर बुडू नये म्हणून तिने वायदे खरेदी केले, पण अगदी जवळच्या महिन्यांचे, मुदत संपली की दर वेळी पुढे ढकलायचे. भाव वाढला नाही, उलट कोसळला. कागदावर ग्राहकांच्या करारांतला फायदा वाढत होता, पण तो वर्षानुवर्षे हळूहळू मिळणारा होता. वायद्यांवरचे मार्जिन, म्हणजे भाव उलटला की बाजारात भरावी लागणारी रक्कम, मात्र लगेच आणि रोख भरायचे होते. पर्यवेक्षक मंडळाने सौदे मोडायला लावले, तोटा १.३ अब्ज डॉलरच्या आसपास गेला आणि बँकांना मदतीला धावावे लागले. पुढे सौदे मोडण्याच्या या निर्णयावर कडाडून टीका करणाऱ्यांत खुद्द मर्टन मिलर होते. त्यांच्या मते योजना तग धरण्यासारखी होती. वाद संपलेला नाही, पण भावाची जोखीम झाकताना रोकडीची जोखीम उभी राहते, हे या प्रकरणाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

जोखीम केवळ भावाची नसते, कंपनीच्या आतल्या कारभाराचीही असते. १९९५ मध्ये बेअरिंग्ज ही ब्रिटिश बँक बुडाली, ८२ कोटी पौंडांहून अधिक तोट्याने. सिंगापुरात तिचा कर्मचारी निक लीसन सौदेही करत होता आणि त्यांच्या नोंदींचा विभागही त्याच्याच हाती होता. ही दोन कामे वेगळी करा, असे अंतर्गत तपासणीने आदल्याच वर्षी सुचवले होते. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या हिशेबांतल्या घोटाळ्यानंतर २००२ मध्ये अमेरिकेत कंपन्यांचे हिशेब आणि अंतर्गत नियंत्रण कडक करणारा सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला, २००४ मध्ये कोसो या अमेरिकी लेखा संघटनांच्या समितीने संपूर्ण कंपनीच्या जोखमीची एकत्र चौकट प्रसिद्ध केली आणि २००९ मध्ये आयएसओ ३१००० हे जोखीम व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक आले.

आकडे काय म्हणतात? जॉर्ज अलायानिस आणि जेम्स वेस्टन यांनी २००१ मध्ये ७२० मोठ्या अमेरिकी कंपन्या तपासल्या. परकीय चलनाची जोखीम असलेल्या ज्या कंपन्या हेजिंग करत, त्यांचे बाजारमूल्य सरासरी जवळपास ५ टक्क्यांनी जास्त निघाले. २००६ मध्ये यानबो जिन आणि फिलिप जोरियन यांनी ११९ तेल-वायू कंपन्या पाहिल्या, तर मूल्यात असा फरक दिसलाच नाही. हे न जुळणारे निष्कर्ष मला गैरसोयीचे वाटत नाहीत. तेल कंपनीची जोखीम गुंतवणूकदाराला बाहेरूनही कळते आणि हवी असेल तर तो ती स्वतः झाकू शकतो. अनेक देशांत विखुरलेल्या कंपनीची चलन-जोखीम तशी दिसत नाही. शिवाय नीट चालवलेल्या कंपन्याच हेजिंगकडे वळत असतील, तर ते ५ टक्के कशाचे, हेही सांगणे कठीण. पीटर टुफानो यांनी १९९६ मध्ये सोन्याच्या खाणी चालवणाऱ्या कंपन्यांत आणखी एक गोष्ट टिपली: ज्या अधिकाऱ्यांकडे शेअर जास्त ते भावाची जोखीम जास्त झाकत, ज्यांच्याकडे ऑप्शन्स जास्त ते कमी.

२००८ च्या संकटानंतर प्रश्नच थोडा वेगळा विचारला गेला. अँड्र्यू एलुल आणि विजय येरामिल्ली यांनी २०१३ मध्ये बँकांमधल्या जोखीम विभागाचे वजन मोजले. जोखीम प्रमुख सर्वाधिक पगाराच्या पाच अधिकाऱ्यांत आहे का, जोखीम समितीतल्या संचालकांना बँकिंगचा अनुभव आहे का, समिती किती वेळा भेटते, असे त्यांचे निकष होते. ज्या बँकांत हे वजन संकटाआधीच जास्त होते, त्यांची बुडीत कर्जे पुढच्या वर्षांत तुलनेने कमी राहिली आणि कामकाजातला नफा इतरांपेक्षा बरा टिकला.