प्लेटचं नाव, फोमचं काम: कार्बनवाले शूज ट्रेनिंगपर्यंत आले कसे

रविवारी पहाटे साडेपाचला मरीन ड्राइव्हवर नुसतं उभं राहा आणि लोकांच्या पायांकडे बघा. दहा वर्षांपूर्वी एवढ्या जाड तळाचे शूज कुणी घातले असते तर आपण हसलो असतो, आता ज्याची फुल मॅरेथॉन साडेपाच तासांची आहे त्याच्याही पायात कार्बन प्लेट असते, म्हणजे तळाच्या फोममध्ये बसवलेली कार्बन फायबरची पातळ, कडक पट्टी. परवा ग्रुपमधल्या एकाने विचारलं, "रोजच्या ट्रेनिंगला कार्बनवाला घेऊ का?" मी हो किंवा नाही म्हणणारच होतो, पण लक्षात आलं की ही प्लेट आली कुठून हे कळल्याशिवाय उत्तराला काही अर्थ नाही. म्हणून हे जरा लांबण लावतोय.

एक काळ असा होता की वेगवान माणूस म्हणजे कमीत कमी बूट. 1960 ला रोममध्ये अबेबे बिकिला अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला. आपल्याकडे शिवनाथ सिंगही अनवाणी धावण्यासाठीच प्रसिद्ध, त्यांनी 1978 ला जालंधरला 2:12:00 ची वेळ दिली आणि तो भारतीय रेकॉर्ड चाळीस वर्षांहून जास्त टिकला (आज आपण वीस हजाराचे शूज घालून कुठे आहोत ते सोडा). ज्यांच्या पायात बूट असायचे त्यांचेही रेसचे बूट म्हणजे पातळ रबराची चपटी पट्टी आणि वरून कापड, बस. त्यामागे साधं गणित होतं आणि ते आजही खरं आहे, प्रत्येक बुटाचं वजन 100 ग्रॅमनी वाढलं की धावायला साधारण 1 टक्का जास्त ऊर्जा लागते. कुशन म्हणजे वजन, वजन म्हणजे उशीर, त्यामुळे कुशन ट्रेनिंगला आणि पातळ सोल रेसला अशी सरळ वाटणी अनेक वर्षं चालली.

सत्तरच्या दशकात ईव्हीए नावाचा फोम बुटात आला, आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं धावण्याच्या बुटाचं पोट म्हणजे ईव्हीएच. आत हवेचे बारीक बुडबुडे असतात, पाय पडला की दबतात, उचलला की परत फुगतात, पण पूर्ण नाही, आणि काही शे किलोमीटरनंतर ते बुडबुडे बसतात म्हणून बूट "मेला" असं आपण म्हणतो. मधे नाइकीने हवेच्या पिशव्या आणल्या, 1986 ला ॲसिक्सने जेल आणलं, जाहिराती भारी होत्या, पण खाली मुख्य माल तोच.

मग 2009-10 च्या आसपास एकदम उलटी लाट आली. अनवाणीच धावा, बूटच दुखापती करतात असं वारं सुटलं, पाच बोटांचे मोज्यासारखे बूट लोकांनी घातले, त्या बुटांच्या कंपनीला पुढे 2014 मध्ये फायद्याचे दावे सिद्ध न झाल्याच्या खटल्यात 37.5 लाख डॉलर देऊन मिटवावं लागलं. गंमत म्हणजे त्याच 2009 मध्ये फ्रान्समध्ये आनसीच्या दोघांनी होका काढली, आणि त्यांचा बूट म्हणजे पावाची लादी. सगळे सोल कापत होते तेव्हा हे थर वाढवत होते. डोंगर उतरताना मांड्यांना मार बसू नये म्हणून सुरुवात झाली, आणि तळाला पुढेमागे वर उचललेला आकार दिला, ज्याला आपण रॉकर म्हणतो, झुलत्या खुर्चीच्या पायासारखा. जाड पण जड नाही, हे शक्य आहे ही गोष्ट पहिल्यांदा इथे डोळ्यांना दिसली. 2013 ला आदिदासने बूस्ट आणलं, ते ईव्हीएपेक्षा जास्त उसळणारं पण वजनाला जरा भारी, आणि तरी 2014 ला बर्लिनमध्ये डेनिस किमेट्टोने तेच घालून 2:02:57 चा विश्वविक्रम केला. म्हणजे फोम महत्त्वाचा आहे हे तेव्हाच समोर होतं, कुणी फार लक्ष दिलं नाही एवढंच.

आता प्लेट. ही काही 2017 ला जन्मली नाही. 2000 च्या सुमारास कॅल्गरीच्या स्टेफानिशिन आणि निग या संशोधकांनी दाखवलं होतं की चवड्याच्या सांध्याला, म्हणजे अंगठा जिथून वाकतो तिथे, बरीच ऊर्जा वाया जाते आणि तळ कडक केला की ती गळती कमी होते. 2006 च्या एका अभ्यासात कडक तळाने धावण्याचा खर्च साधारण 1 टक्का कमी झाला. आदिदासने त्या काळात प्लेटवाले बूट विकलेसुद्धा, फार कुणी विचारलं नाही. कारण खाली फोम जुनाच होता. माझ्या मते अख्ख्या गोष्टीची किल्ली इथेच आहे, प्लेट होती, टक्का पण मिळत होता, आणि तरी दुनिया हलली नाही.

हलली ती 2016 ला रिओमध्ये. पुरुषांच्या मॅरेथॉनमध्ये केनियाचा किपचोगे, इथिओपियाचा लिलेसा आणि अमेरिकेचा रप असे तिघे मेडल घेऊन उभे राहिले आणि तिघांच्याही पायात नाइकीचा बाजारात न आलेला बूट होता, हे लोकांना नंतर कळलं. 2017 च्या मे महिन्यात इटलीत मोंझाच्या कार ट्रॅकवर किपचोगे मॅरेथॉनचं अंतर 2:00:25 मध्ये धावला, आणि दोनेक महिन्यांत त्याच बुटाचा दुकानी अवतार व्हेपरफ्लाय 4 टक्के या नावाने 250 डॉलरला बाजारात. नावातला 4 टक्के कोलोरॅडो विद्यापीठातल्या हूगकामर, क्रॅम वगैरेंच्या चाचणीतला. 18 धावपटू, ताशी 14, 16 आणि 18 किलोमीटर, आणि बुटांचं वजन शिसं लावून सारखं केलेलं म्हणजे हलकेपणाचा फायदा बाजूला. सरासरी 4 टक्के कमी ऊर्जा. दाबल्यावर परत किती मिळतं हे पण मोजलं होतं त्यांनी: नाइकीच्या जुन्या रेसिंग बुटात 65.5 टक्के, आदिदास बूस्टमध्ये 75.9, आणि या नव्यात 87. हा नवा फोम म्हणजे पेबा, स्पर्शाला मऊ, वजनाला कापूस आणि उसळीला चेंडू. आणि हलका म्हणून जाड करता येतो, म्हणजे ते जुनं 100 ग्रॅमचं गणितच मोडलं.

पण पेबा कसा विकणार? फोम बाहेरून सगळे सारखेच दिसतात, पांढरा ठोकळा. कार्बन फायबर म्हटलं की विमान, रेसिंग कार, सायकल, डोळ्यासमोर काहीतरी उभं राहतं. लोकांनी पण तेच नाव धरलं, "कार्बनवाले शूज". पुढे 2021 च्या सुमारास हूगकामर आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याच बुटाच्या प्लेटला पुढच्या बाजूला सहा ठिकाणी आडवं कापलं, म्हणजे कडकपणा घालवला, आणि धावपटूंना ते घालून पळवलं. फरक जेमतेम अर्धा टक्का, तोही खात्रीने सांगता येईल असा नाही. म्हणजे प्लेटचा कडकपणा गेला तरी बूट जवळजवळ तेवढाच चांगला.

मग प्लेट फुकट आहे का तर तसं नाही. इतका मऊ आणि उंच फोम नुसता ठेवला तर पाय त्यात डगमगतो, वाकडी प्लेट त्याला कणा देते आणि रॉकरचा आकार धरून ठेवते. पण ती उसळवते, स्प्रिंगसारखी ढकलते असं जे दुकानदार सांगतात ना, ते ऐकून घ्यायचं आणि मान हलवायची.

रेसचा पुढचा इतिहास भराभर सांगतो, तो सगळ्यांना माहितीय. 2018 बर्लिनमध्ये किपचोगेचा 2:01:39 चा विश्वविक्रम, 2019 ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात त्याचेच 1:59:40, दुसऱ्या दिवशी शिकागोत ब्रिजिड कोसगेई 2:14:04, गदारोळ, आणि 31 जानेवारी 2020 ला वर्ल्ड ॲथलेटिक्सचा नियम: रोडवर तळ 40 मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि प्लेट एकच. बाकी कंपन्या तोवर धापा टाकत मागे येत होत्या.

आपल्या कामाचा भाग इथून सुरू होतो. रेसचा बूट वर्षातून दोन-तीनदा लागतो, रोजचा बूट रोज झिजतो, म्हणजे धंदा कुठे आहे ते सांगायला नको. पहिला प्रयत्न नाइकीने 2017 लाच केला, झूम फ्लाय. व्हेपरफ्लायचा स्वस्त भाऊ, आत कार्बन मिसळलेल्या नायलॉनची प्लेट, पण फोम साधा. घालून दगडी लागायचा, आणि मोठ्या भावाची जादू त्यात अजिबात नव्हती. 2018 ला त्यात पूर्ण कार्बन प्लेट घातली, फोम तरी पेबा नाहीच. मग 2020 ला सॉकनीने एंडॉर्फिन स्पीड काढला तो मला सगळ्यात शहाणा वाटतो, फोम रेसचा आणि प्लेट नायलॉनची, म्हणजे थोडी वाकणारी. 2021 ला प्युमाने डेव्हिएट नायट्रोत रोजच्या वापरासाठी कार्बन मिसळलेली प्लेट आणली, आदिदासने बोस्टन नावाच्या बुटात काचेच्या तंतूंच्या काड्या घातल्या.

मग लोक म्हणाले ट्रेनिंगला 40 चा नियम कुठे आहे, आणि उंची सुटलीच. 2022 चा न्यू बॅलन्सचा सुपरकॉम्प ट्रेनर टाचेला 47 मिलिमीटर होता, पुढच्या व्हर्जनमध्ये 40 वर आणला. याची किंमत एकाने मोजलीय: सप्टेंबर 2021 ला व्हिएन्ना मॅरेथॉन डेरारा हुरिसाने तीन सेकंदांनी जिंकली, आणि थोड्या वेळात बाद, कारण पायातला बूट 5 सेंटीमीटरचा निघाला. तो बूटच मुळात ट्रेनिंगचा. आणि 2022 च्या शेवटी ॲसिक्सने सुपरब्लास्ट काढला, रेसवाला फोम, 45 च्या आसपास उंची, आणि प्लेट नाहीच! तो हातोहात गेला. मला तर हसूच आलं, पाच वर्षं प्लेट प्लेट करून शेवटी लोकांनी पैसे मोजले ते फोमला.

आता आपल्यासारख्यांचं. वरची 4 टक्के वाली चाचणी ताशी 14 च्या वर झालीय, म्हणजे किलोमीटरला 4:17 आणि त्याहून वेगात. आपला इझी रन, म्हणजे आरामात धावणं, किलोमीटरला सात-साडेसात मिनिटांचं. नंतर हळू वेगावर एक अभ्यास झाला त्यात ताशी 12 ला फायदा साधारण 1.4 टक्के आणि ताशी 10 ला 0.9, काही जणांचा तर उलट खर्च वाढला. शिवाय 2023 मध्ये काही डॉक्टरांनी कार्बन प्लेटवाल्या बुटांत धावणाऱ्या पाच जणांच्या केसेस मांडल्या, पायाच्या मधल्या नॅव्हिक्युलर हाडाला स्ट्रेस इंज्युरी, म्हणजे वारंवार ताण पडून झालेली इजा. पाच केसेसवरून प्लेटनेच झालं असं म्हणता येत नाही आणि त्यांनीही बदल हळूहळू करा एवढंच सांगितलं. पण प्लेट भार नाहीसा करत नाही, इकडचा तिकडे सरकवते, हे डोक्यात असू द्या. मी स्वतः पहिला जोड सेलमध्ये घेतला आणि हौसेने तीन आठवडे रोज घातला, घोट्याच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की सातारची हाफ बघ्यासारखी रस्त्याकडेला उभं राहून बघितली.

तर त्या ग्रुपवाल्याला मी सांगितलं ते असं. टेम्पो (सलग जोरात धावणं), इंटरवल (थांबून-थांबून वेगात धावणं) आणि मॅरेथॉनच्या वेगाचे लाँग रन करत असशील तर आठवड्यात एक-दोनदा प्लेटवाला घाल, त्यात पण नायलॉनचा मिळाला तर आधी तो. दुकानात आधी फोम कुठला ते विचार, पेबा नाव फुशारकीने घेतात पण वर पातळ थर पेबा आणि खाली जाडजूड ईव्हीए असंही असतं. टाच किती रुंद आहे ते बघ, कारण 40 मिलिमीटरवर उभं राहून आपल्या पेव्हर ब्लॉकवर वळायचं म्हणजे सर्कस. एका पायावर उभा राहा दुकानातच, घोटा थरथरला तर ठेव परत. संध्याकाळी जा, पाय सुजलेले असतात, अंगठ्यापुढे बोटभर जागा पाहिजेच कारण कडक तळ पायाबरोबर वाकत नाही, बोटं पुढे आपटतात आणि नख काळं पडतं. बाकीचे दिवस साधा, बिनप्लेटचा, बऱ्यापैकी कुशनचा.

त्याने सगळं नीट ऐकलं, आणि रात्री स्क्रीनशॉट पाठवला. कार्बनवाला, रेसचा, तळ 39.5 मिलिमीटर, ऑर्डर कन्फर्म. खाली लिहिलं होतं, रंग चांगला होता.