शेण की शेणखत? कलमाच्या खड्ड्यात नेमकं काय पडतंय ते बघा

पावसाच्या तोंडावर दारात ट्रॉलीभर ‘शेणखत’ येऊन पडतं आणि बरेचदा त्यात निम्मं शेणच असतं. लांबून रंग सारखाच, म्हणून कुणी हात घालून बघत नाही. मोकळ्या शेतात ते एक वेळ चालून जातं. पसरतं, उन्हात वाळतं. आंब्याच्या वर्षाच्या कलमाचं तसं नाही. त्याची इवलीशी मुळं त्या एकाच खड्ड्यात असतात.

कच्चं शेण खड्ड्यात कुजायला लागलं की तापतं आणि कोवळी पांढरी मुळं भाजतात. शिवाय कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं. शेणात गोठ्यातला पेंढा बराच असेल, तर ते मातीतलं नत्र उचलतात. मग खत घालूनही पालवी पिवळी पडते आणि आपण खत कमी पडलं असं समजून आणखी घालतो! अर्धवट कुजलेल्या पेंढ्यावर वाळवी येते ती वेगळीच.

मुरलेलं शेणखत काळसर, भुसभुशीत असतं. शेणाचा वास गेलेला, मातीचा आलेला. त्यात नत्र मात्र जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे १० किलोच्या घमेल्यात ५० ग्रॅमच्या आसपास. तरीही मी ते सोडणार नाही, कारण त्याचं खरं काम माती घडवण्याचं आहे. कोकणातल्या जांभ्या मातीत पाणी ठरत नाही; ते धरून ठेवतं हे खत.

ओळखायचं कसं? ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर कुजणं चालू आहे. शंका उरली तर निम्मी माती, निम्मं खत कुंडीत घालून मेथी पेरा. ती नीट उगवली नाही तर खत कच्चं समजा. ढिगात अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या की सगळे हुमणी, म्हणजे पिकाची मुळं खाणारी अळी, म्हणतात. पुष्कळदा त्या गेंड्या भुंग्याच्या असतात. त्या खतावरच जगतात, पण त्यांचा भुंगा नारळाच्या कोवळ्या सुईत, म्हणजे शेंड्याच्या न उघडलेल्या पानात, शिरतो. दोन्ही वेचून मारा.

दिवाळीला लावलेला ढीग, ओलावा राखून एकदोनदा वरखाली केला तर मेपर्यंत तयार होतो. लागवडीनंतर खत बुंध्यापासून वीतभर लांब गोल पसरा, कलमाचा जोड उघडा राहू द्या. ताज्या शेणाला जीवामृतात, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेल्या पातळ खतात, जागा आहे, कारण तिथे १० किलो शेण २०० लिटर पाण्यात विरतं.

आणि खड्डा भरून झाल्यावर खत कच्चं निघालं तर? घाई करू नका. कलम पिशवीतच, विरळ सावलीत ठेवा. खड्डा महिना-दीड महिना भिजू द्या, मग हात घालून ऊब बघा. ऑगस्टमध्ये पाऊस जरा ओसरल्यावर लावलेलं कलमही जोमानं धरतं.