आंडेक्सचा मठ आणि त्याची बिअर टेरेस

म्युनिकहून लोकलने हेर्शिंगला उतरायचे आणि झाडीतून तासाभर चढत जायचे, की आंडेक्सचा बेनेडिक्टाइन मठ, म्हणजे संत बेनेडिक्टच्या पंथातल्या ख्रिस्ती साधूंचा मठ, येतो. दक्षिण जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातले लोक या टेकडीला 'पवित्र डोंगर' म्हणतात. चर्चला लागूनच मठाची बिअर टेरेस आहे आणि आकाश स्वच्छ असले तर तिथून आल्प्सची रांग दिसते. देऊळ आणि मद्यशाळा एकाच आवारात पाहून आपल्याकडच्या माणसाला नवल वाटते. इथे मात्र या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने वाढल्या आहेत, आणि ते कारण म्हणजे यात्रा.

आंडेक्सचे सरदार घराणे १२४८ मध्ये संपले. त्यांच्या गढीवरचे पवित्र अवशेष, म्हणजे ख्रिस्ताच्या आणि संतांच्या म्हणून पुजल्या जाणाऱ्या वस्तू, कुठे आहेत हेही पुढे विसरले गेले. ते १३८८ मध्ये सापडले. प्रार्थना चालू असताना एका उंदराने वेदीखालून चिठ्ठी ओढून आणली आणि त्यावरून जागा कळली, अशी आख्यायिका आहे. मग यात्रेकरूंची रीघ लागली, आणि १४५५ मध्ये ड्यूक तिसरा आल्ब्रेख्त याने इथे मठ स्थापन केला.

दमूनभागून वर आलेल्यांना खाऊपिऊ घालणे हा मठाचा धर्मच होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमावलीत पाहुण्याचे स्वागत साक्षात ख्रिस्त समजून करावे असे सांगितले आहे. पाणी, गिरणी, बाग, कारागिरी असे लागेल ते सगळे मठाच्या आवारातच असावे, आणि विकायचा माल बाहेरच्यापेक्षा थोडा स्वस्त द्यावा, हेही त्यात आहे. नियमावली इटलीतली असल्यामुळे तिच्यात रोजच्या पेयाचे माप वाइनचे आहे. आल्प्सच्या उत्तरेकडे बार्ली मुबलक होती, म्हणून तिथले मठ बिअरकडे वळले. सुमारे ८२०च्या, आजच्या स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेन मठाच्या आराखड्यात तर पाहुण्यांसाठी, यात्रेकरू-गरिबांसाठी आणि साधूंसाठी वेगवेगळ्या ब्रुअरी दाखवल्या आहेत. पातळ पदार्थाने उपास मोडत नाही ही समजूतही बिअरच्या पथ्यावर पडली. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत पोटाला आधार देणारी दाट, कडक बिअर मठांतून निघू लागली. आंडेक्सची गडद डॉपेलबॉक ही अशीच कडक बिअर आजही ७.१ टक्के अल्कोहोलची आहे.

झाडाखाली, उघड्यावर बसून बिअर पिण्याची रीत मात्र हवामानाने आणि कायद्याने घडवली. बव्हेरियाच्या बिअरचे यीस्ट तळाशी बसणारे, त्याला थंडी लागते. उन्हाळ्यात बिअर नासायची आणि भट्ट्यांमुळे आगी लागायच्या. म्हणून १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यावर बंदी आली. वसंतात बनवलेली बिअर उन्हाळाभर टिकावी म्हणून ब्रुअरीवाल्यांनी तळघरे खोदली, त्यात बर्फ भरला, वर खडी टाकली आणि रुंद पानांचे चेस्टनट लावले. या झाडांची मुळे उथळ असल्याने तळघराच्या छताला धोका नव्हता. त्या सावलीत बाके आली आणि खाणावळवाल्यांचा धंदा बसला. ४ जानेवारी १८१२ रोजी राजा पहिला मॅक्सिमिलियन याने तोड काढली: म्युनिकच्या ब्रुअरीवाल्यांनी तळघरावर बिअर विकावी, पण खायला पावाखेरीज काही देऊ नये. त्यामुळे लोक घरूनच डबा आणू लागले. १९९९च्या बव्हेरियन नियमानेही पारंपरिक बिअर गार्डनमधली ही मुभा कायम ठेवली आहे.

'शतकानुशतकांची अखंड परंपरा' हे शब्द अशा मठांबद्दल फार सहज वापरले जातात. मला ते पटत नाहीत. १८०३ मध्ये बव्हेरियाच्या सरकारने मठ बरखास्त करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. आंडेक्सही त्यातून सुटले नाही. फ्रायझिंगजवळची वायहेनस्टेफानची मठ-ब्रुअरी तेव्हा सरकारजमा झाली, ती आजही सरकारीच आहे. आंडेक्सचे नशीब पालटले ते राजा पहिला लुडविग याच्यामुळे. त्याने म्युनिकमध्ये सांक्ट बोनिफात्स हा नवा बेनेडिक्टाइन मठ उभारला आणि १८५० मध्ये आंडेक्सची जमीन, शेती व ब्रुअरी या नव्या मठाच्या चरितार्थासाठी लावून दिली. शहरातल्या मठाने सेवा करायची आणि डोंगरावरच्या मठाने तिचा खर्च उचलायचा, अशी ही वाटणी. मला या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

ती व्यवस्था अजून चालू आहे. नवी ब्रुअरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेकडीच्या पायथ्याशी गेली, पण मालकी मठाचीच राहिली. बाजारातल्या अनेक 'मठाच्या' बिअरबाबत मठाचा संबंध लेबलापुरता उरला आहे, आंडेक्सचे तसे नाही. टेरेसवर विकल्या जाणाऱ्या बिअरच्या कमाईचा वाटा सांक्ट बोनिफात्सला जातो, आणि तिथे म्युनिकमधल्या बेघरांना जेवण, कपडे आणि औषधोपचार मिळतात.