ऊतक-विकृतिविज्ञान संशोधन, खारघर

शरीरातून काढलेला ऊतकाचा (टिश्यूचा) तुकडा टिकवायचा, त्याचे पातळ काप रंगवायचे आणि आजाराने किंवा वयाने त्यात काय बिघडले ते मायक्रोस्कोपखाली शोधायचे, असे या शाखेचे स्वरूप आहे. ठाणे–नवी मुंबई पट्ट्यात तिचे मोठे केंद्र खारघरच्या सेक्टर २२ मध्ये आहे. कर्करोगावरील उपचार व संशोधन करणाऱ्या टाटा स्मारक केंद्राचा भाग असलेली ही संस्था ‘ॲक्ट्रेक’ या नावाने ओळखली जाते आणि अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत येते.

संस्थेचे मूळ परळला आहे. १९५२ मध्ये तेथे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले. भारतीय विकृतिविज्ञानाचे जनक मानले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) त्याचे पहिले संचालक होते. रुग्णाच्या सवयी आणि स्लाइडवरचे चित्र एकत्र वाचायचे, ही त्यांची पद्धत होती. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेला घासून तेथे होणाऱ्या कर्करोगाची नोंद त्यांनी व त्यांच्या सहसंशोधक सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच केली होती. ऊतकसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा डॉ. कमल रणदिवे यांनी उभारली. १९६६ मध्ये हे केंद्र व टाटा रुग्णालय एकत्र आले आणि २००२ मध्ये संशोधनाचा विभाग खारघरला हलला.

आजही कामाचा पाया मेणाचा ब्लॉकच आहे, म्हणजे मेणात बसवलेला ऊतकाचा तुकडा. तुकडा आधी दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात, बुडवतात. फॉर्मेलिन ऊतकात तासाला साधारण एक मिलिमीटर शिरते. त्यामुळे मोठी गाठ न चिरता अरुंद बाटलीत कोंबली, तर बाहेरून ती घट्ट दिसते आणि आत सडत राहते. मग ग्रॉसिंग होते, म्हणजे गाठ मोजून, वर्णन लिहून तिच्यातले नेमके भाग निवडले जातात. पुढे अल्कोहोलने पाणी काढायचे, झायलीनने अल्कोहोल काढायचे आणि त्या जागी वितळलेले पॅराफिन मेण भरायचे. मायक्रोटोम या काप करण्याच्या यंत्रावर तीन ते पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप निघतात. ते कोमट पाण्यावर पसरून काचेवर उचलतात आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवतात. केंद्रके निळी-जांभळी दिसतात, बाकीचा भाग गुलाबी. गावाकडून टाटाला येणाऱ्या रुग्णांच्या पिशवीत रिपोर्टांसोबत ‘ब्लॉक-स्लाइड’ असतात, कारण उपचाराआधी निदान पुन्हा तपासले जाते. संशोधनाला पुढे काय मिळणार हे महागड्या यंत्रांपेक्षा तुकडा काढल्यानंतरच्या शस्त्रक्रियागृहातल्या पहिल्या तासावर जास्त ठरते, आणि नेमके त्याच तासाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

या भागातल्या संशोधनात तोंडाचे ऊतक सतत समोर येते. मिश्री, मावा, गुटखा यांची ओळख इथे कोणाला करून द्यावी लागत नाही. मिश्रीमुळे प्राण्यांमध्ये कर्करोग होतो का, याचे प्रयोगही याच संस्थेत झाले आहेत. सुपारीमुळे होणाऱ्या ओरल सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये गालाचे आतले अस्तर पांढरट व ताठ होते आणि तोंडात आपलीच तीन बोटे उभी जात नाहीत. स्लाइडवर अस्तर पातळ झालेले दिसते. त्याखाली कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे एकजिनसी थर साचतात आणि रक्तवाहिन्या विरळ होतात. तिशीतल्या रिक्षाचालकाचा गाल सत्तरीच्या माणसापेक्षा जुना वाटावा, असे हे दृश्य असते. हे नुसते दिसण्यापुरते नाही. तेथील फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन बनवणाऱ्या, पेशी विभाजन थांबवून अकाली जरठ झालेल्या आढळतात. अशा पेशी मरत नाहीत. शेजारच्या पेशींना डिवचणारी द्रव्ये सोडत राहतात. ‘आजारी’ आणि ‘म्हातारे’ असे ऊतकाचे दोन कप्पे करणे म्हणूनच फसवे आहे.

वयाच्या ज्या खुणा साध्या रंगानेही ओळखता येतात त्या थोड्या आहेत: हृदय व यकृताच्या पेशींतले लिपोफ्युसिन हे साठत जाणारे तपकिरी रंगद्रव्य, उन्हाने त्वचेत तुटलेले लवचीक तंतू, धमन्यांतले चरबीचे थर. डीएनएमधल्या खुणा वाचणे अवघड. वय वाढते तसे डीएनएच्या चार ‘अक्षरां’पैकी सायटोसिनच्या जागी थायमीन येण्याचे बदल साठत जातात. अडचण अशी, की फॉर्मेलिनमध्ये व मेणात राहिलेल्या डीएनएतही खोटे बदल होतात ते याच प्रकारचे. जुना ब्लॉक वाचताना माणसाचे वय कोणते आणि ब्लॉकचे कोणते, हे वेगळे करावे लागते. म्हणून जनुकीय अभ्यासासाठी ताजा तुकडा गोठवून उणे ८० अंशांवर किंवा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवणे पसंत करतात.

गाल व हिरडीच्या कर्करोगाचा जनुकीय नकाशा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांनी मिळून हे काम केले. आधी ५० रुग्णांचे नमुने तपासले, मग आणखी ६० रुग्णांवर पडताळणी केली. टीपी५३ सारख्या, कर्करोगात बिघडतात हे आधीच परिचित असलेल्या जनुकांबरोबर यूएसपी९एक्स आणि एआरआयडी२ या जनुकांतही वारंवार बदल सापडले.

कर्करोगाचे ऊतक शस्त्रक्रियेतून मिळते. निरोगी वृद्धाचे ऊतक मात्र दुर्मीळ आहे. आपल्याकडे शवविच्छेदन बहुधा पोलीस प्रकरणांतच होते, तेही मृत्यूनंतर बऱ्याच तासांनी. तोवर स्वादुपिंडासारखे अवयव स्वतःच्याच रसांनी विरघळू लागतात. देहदानातले शरीर रसायने भरून ठेवलेले असल्याने शरीररचना शिकवायला उत्तम, रेणवीय तपासणीला कुचकामी. गाठीशी तुलनेसाठी तिच्यालगतचा ‘चांगला’ भाग घ्यावा, तर त्यानेही तितकीच वर्षे तंबाखू सोसलेली असते. म्हणून जनुकीय तुलनेला बहुधा त्याच रुग्णाचे रक्त घेतात. पण वयाबरोबर रक्तपेशींतही उत्परिवर्तने साठतात, आणि वयस्कर रुग्णांच्या बाबतीत तीही वजा करावी लागतात.