सहभागिता (ग्रामीण विदर्भातील ख्रिस्ती मंडळी)

सहभागिता म्हणजे ख्रिस्ती माणसांनी एकमेकांच्या उपासनेत, जेवणात, आजारपणात आणि गरजेला पैशाअडक्यातही वाटेकरी असणे. नव्या करारातील (बायबलच्या दुसऱ्या भागातील) ‘कोयनोनिया’ या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलात हा शब्द येतो. उपासना संपताना पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, जो आशीर्वाद देतात त्यात ‘पवित्र आत्म्याची सहभागिता’ मागितलेली असते, म्हणून अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही हा जड शब्द तोंडपाठ असतो. ही सहभागिता ज्यांच्यात चालते ती मंडळी. मंडळी म्हणजे माणसे. इमारतीला चर्च म्हणतात, जुनी माणसे देऊळही म्हणतात. एरवी मराठीत ‘घरची मंडळी’ म्हटले की कुटुंब समजते, आणि विदर्भाच्या खेड्यात ख्रिस्ती अर्थ त्याच्यापासून फार लांब गेलेला नाही.

त्याचे कारण इतिहासात आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूर भागात आले. पुढे अकोला पट्ट्यात अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, बुलढाणा-वाशीमकडे नाझरेन अशी प्रॉटेस्टंट मिशने पसरली. कॅथलिकांचा नागपूर धर्मप्रांत १८८७ चा, अमरावतीचा १९५५ चा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडात गावेच्या गावे उपाशी पडली. अनाथ पोरे मिशनच्या आवारात वाढली, तिथेच त्यांची लग्ने झाली. या मुलांना ना आजोळ होते, ना भावकी. मंडळी हीच त्यांची भावकी झाली. बाप्तिस्मा घेतल्यावर ज्यांना जातीने किंवा घराने बाहेर काढले, त्यांचेही तसेच झाले.

आजही एका गावात दोन-चारच ख्रिस्ती घरे असणे नवलाचे नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती जेमतेम एक टक्का होते, आणि त्यांतले बहुतेक मुंबई-वसई-पुण्याकडचे. म्हणून रविवारी तालुक्याच्या चर्चला जायचे आणि आठवड्यात कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा धरायची, अशी रीत आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत ती रात्री आठ-साडेआठपर्यंत सुरूच होत नाही. बाया वावरातून येऊन, चूल उरकून मग येतात. अंगणात सतरंजी, ढोलकी, झांज. गाणी बरीचशी मराठी भजनाच्या चालीची. हे वळण रुजवण्यात ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांचा वाटा मोठा आहे. टिळक काही काळ नागपुरात राहिले होते, आणि ज्या आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला ती गाडी नागपूरहून राजनांदगावकडे निघालेली होती. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, त्यांचा बाप्तिस्मा झाला.

सहभागितेची खरी कसोटी प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीत लागते. कॅथलिकांत ते दर मिस्सेत (उपासनेत) असते, प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुधा महिन्यातून एकदा. खेड्यातल्या मंडळीत द्राक्षारस विकत आणला जात नाही. आदल्या रात्री कुणीतरी काळ्या मनुका भिजत घालते, सकाळी त्या उकळून, कुस्करून, पातळ फडक्यातून गाळल्या की काम झाले. ज्या गावात चहाच्या टपरीवर कुणाकुणाचा कप वेगळा ठेवलेला असे, तिथे एकाच भाकरीचा तुकडा सगळ्यांनी तोडून खाणे ही साधी गोष्ट नव्हती. नव्या करारातल्या पत्रात प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला याच गोष्टीवरून झापले होते: काही जण पोटभर खाऊन-पिऊन बसतात आणि काही उपाशी राहतात, याला प्रभूचे भोजन म्हणायचे का? सोयरीक जुळवताना मात्र मंडळीतही जुनी जात हळूच विचारली जाते. तेव्हा पौलाचे काम संपले असे म्हणवत नाही.

मयतीच्या वेळी मंडळीची गरज सर्वांत उघड दिसते. दफनाला खड्डा लागतो, तो खणायला चार हात लागतात, पेटी लागते, आणि गावात ख्रिस्ती कब्रस्थान नसले तर आधी जागाच शोधावी लागते. एकट्या घराच्या आवाक्यातले हे काम नव्हे. पाळकांना फोन जातो आणि तीन-चार गावांतली माणसे कुदळ-फावडे घेऊन मोटारसायकलींवर येतात. हंगाम झाल्यावर देवाचे आभार मानायच्या उपकारस्तुतीत मात्र हसणे-खिदळणे असते. लोकांनी आणलेली तूर, भोपळे, कोंबडी यांचा चर्चसमोर लिलाव होतो आणि एखादा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट वर जातो.

भावकी म्हटली की भांडणही आले. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) भाऊ कोर्टात जातात, तशा मंडळ्या मिशनच्या जमिनींवरून आणि पदांवरून जातात. सहा चर्चसंस्थांनी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले, तरी तालुक्याच्या एकाच रस्त्यावर तीन वेगळ्या मंडळ्या भरताना दिसतात. नव्या स्वतंत्र मंडळ्या तर पत्र्याच्या शेडमध्येही भरतात.

शिवाय कागदाचा प्रश्न आहेच. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला, ख्रिस्ती माणसाला मिळत नाही. गोंड-कोरकूंसारख्या जमातींना धर्माची ही अट नाही. त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावांत बौद्ध भावाला सवलत आणि ख्रिस्ती भावाला नाही, असे होते. म्हणून काही जण वर्षानुवर्षे सतरंजीवर बसतात, गातात, मयतीला खांदा देतात, पण मंडळीच्या नोंदवहीत नाव घालू देत नाहीत. पाळकही त्यांना बहुधा विचारत नाहीत.